कॅप्टन लक्ष्मी : वर्दी उतरल्यानंतरची साठ वर्षे

२३ जुलै २०१२ रोजी कानपूर येथे डॉ. लक्ष्मी सहगल यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची सत्त्याण्णव वर्षे पूर्ण केली होती. देशभरातील वृत्तपत्रांनी त्यांना आदरांजली वाहिली, ती प्रामुख्याने आझाद हिंद सेनेतील राणी झाशी रेजिमेंटच्या सेनानी म्हणून. लष्करी गणवेशातील, कडक सलामी देणारी तरुण लक्ष्मी हीच त्यांची सर्वपरिचित प्रतिमा होती आणि ती योग्यही होती. परंतु या आयुष्याचा हिशेब वर्षांत मांडला, तर एक वेगळेच प्रमाण दिसते. त्या गणवेशाचा काळ जेमतेम तीन वर्षांचा. त्यानंतर कानपुरात रुग्णांची सेवा करण्यात गेलेला काळ सुमारे साठ वर्षांचा. राष्ट्राने ज्यांना ‘कॅप्टन’ म्हणून ओळखले, त्यांना कानपूरच्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांनी आपली डॉक्टर म्हणून ओळखले. या दोन ओळखी एकाच व्यक्तीच्या कशा, हे पाहिल्याखेरीज त्यांचे स्मरण पुरे होत नाही.

युद्धातून परतलेल्या सैनिकाचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासाची पुस्तके सहसा विचारीत नाहीत. लढाई संपली की प्रकरण संपते. डॉ. लक्ष्मी यांच्या चरित्रात मात्र खरे प्रकरण तेथूनच सुरू होते.

मद्रासहून सिंगापूरला

लक्ष्मी स्वामिनाथन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रास येथे झाला. वडील एस. स्वामिनाथन हे मद्रास उच्च न्यायालयातील नामांकित वकील. आई अम्मू स्वामिनाथन या केरळातील पालघाटकडील घराण्यातील. त्या राष्ट्रीय चळवळीत वावरल्या आणि पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या. प्रख्यात नृत्यांगना मृणालिनी साराभाई या लक्ष्मींच्या धाकट्या भगिनी. सुखवस्तू, सुशिक्षित आणि राजकीय जाण असलेले असे हे घर होते. अशा घरातील मुलीला आयुष्यभर आरामात राहता आले असते. लक्ष्मींनी वैद्यकीची वाट धरली. १९३८ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजातून एम. बी. बी. एस. झाल्या आणि पुढे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची पदविका त्यांनी मिळविली. हे शिक्षण त्यांना जन्मभर पुरले, असे म्हटले तरी चालेल. कारण ब्रह्मदेशातील जंगलापासून कानपूरच्या गल्लीपर्यंत त्यांच्या हातातील खरे साधन तेच होते.

१९४० साली त्या सिंगापूरला गेल्या. मलाया आणि सिंगापूर येथे त्या काळी लाखो भारतीय राहत असत. त्यांतील फार मोठा वर्ग रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांचा होता. लक्ष्मींनी तेथे जो दवाखाना काढला, तो या गरीब स्थलांतरितांसाठी. मायभूमीपासून दूर आलेल्या माणसाला आजारपणात सर्वांत आधी आठवते ती आपली भाषा. दुखणे कोठे आहे, केव्हापासून आहे, हे परक्या भाषेत सांगता येत नाही. मद्रासहून आलेली ही तरुण डॉक्टर त्या मजूर स्त्रियांशी त्यांच्या बोलीत बोलू शकत होती. पुढे सैन्यभरतीच्या वेळी हीच गोष्ट निर्णायक ठरली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी सिंगापूर जपान्यांच्या स्वाधीन केले. हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. त्या धामधुमीत लक्ष्मींनी जखमी युद्धकैद्यांची शुश्रूषा केली. याच कैद्यांतून कॅप्टन मोहनसिंग यांच्या पुढाकाराने पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली. परंतु जपान्यांशी झालेल्या मतभेदांमुळे ती वर्षअखेरीसच विसर्जित झाली. २ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला पोहोचले आणि थांबलेले चक्र पुन्हा फिरू लागले.

राणीच्या नावाची पलटण

सिंगापूरला आल्यानंतर काही दिवसांतच नेताजींनी स्त्रियांची स्वतंत्र पलटण उभारण्याचा मनोदय जाहीर केला. तिला नाव द्यायचे ठरले झाशीच्या राणीचे. स्त्रियांच्या सभेत नेताजींना मानवंदना द्यायची, म्हणून लक्ष्मींनी घाईघाईने सुमारे वीस स्त्रिया गोळा केल्या. बंदुका उसन्या आणल्या आणि त्यांच्याकडून कवायत करवून घेतली. त्या मानवंदनेनंतर पलटणीची जबाबदारी लक्ष्मींकडेच आली. दवाखाना बंद करून त्या सेनेत दाखल झाल्या. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन झाले, तेव्हा त्या मंत्रिमंडळात त्या एकमेव स्त्री होत्या. पुढे त्यांना वरचा हुद्दा मिळाला, तरी ‘कॅप्टन लक्ष्मी’ हेच नाव लोकांच्या तोंडी कायमचे बसले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या नावात एक निराळीच जवळीक वाटावी. मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका काशीत जन्मली. पदच्युत पेशवे दुसरे बाजीराव यांच्या आश्रयाने ती कानपूरजवळच्या बिठूर येथे वाढली आणि गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन बुंदेलखंडातील झाशीची राणी झाली. १८५८ च्या झाशीच्या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मराठीत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीतच होते आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळे ती हकिगत मराठी वाचकांच्या घरी पोहोचली. राणीचे मूळ मराठी, कर्मभूमी उत्तरेची आणि कीर्ती साऱ्या देशाची. ग्वाल्हेरजवळ ती पडल्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी तिचे नाव समुद्रापलीकडे, ज्यांनी झाशी कधी पाहिली नव्हती अशा तमिळ मुलींनी आपल्या पलटणीसाठी धारण केले. इतिहासात एखादे नाव आपल्या प्रांताच्या सीमा ओलांडते ते असे.

या पलटणीत आलेल्या स्त्रिया कोण होत्या, हे पाहण्यासारखे आहे. काही सुखवस्तू घरांतील सुशिक्षित मुली होत्या. जानकी थेवर ही त्यांपैकी एक. विशीही न गाठलेल्या या मुलीने पुढे ब्रह्मदेशात मोठी जबाबदारी पेलली आणि नंतर मलायाच्या सार्वजनिक जीवनात स्थान मिळविले. परंतु बहुसंख्य स्त्रिया रबरमळ्यांतील मजूर कुटुंबांतल्या होत्या. त्यांपैकी अनेकींचा जन्म मलायातच झालेला. भारत त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. मळ्यात ज्यांना नावाने हाक मारण्याचे सौजन्यही कोणी दाखवीत नसे, त्या छावणीत रांगेत उभ्या राहिल्या, बंदूक चालवायला शिकल्या, नकाशा वाचू लागल्या, रात्रीच्या कूचमध्ये सामील झाल्या. आझाद हिंद सेनेत जेवणाच्या पंक्ती धर्म आणि जात यांवरून वेगळ्या मांडल्या जात नसत. सेनेची भाषा हिंदुस्तानी होती आणि ती रोमन लिपीत लिहून शिकविली जाई. तमिळ मुलींना ती नवीन होती. त्यांना समजावून घेणारी, त्यांच्या घरच्या अडचणी जाणणारी अधिकारी म्हणून डॉ. लक्ष्मी यांचे महत्त्व केवळ हुद्द्यापुरते नव्हते.

पलटणीची नेमकी संख्या किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही शेपासून हजारापर्यंत आकडे दिले जातात. तिने किती प्रत्यक्ष लढाया केल्या, याविषयीही अतिशयोक्ती पुष्कळ झाली आहे. वस्तुस्थिती अशी की इंफाळची मोहीम १९४४ च्या पावसाळ्यात फसली आणि स्त्रियांची पलटण भारतभूमीवर पाऊल ठेवू शकली नाही. ब्रह्मदेशात त्यांच्या वाट्याला मुख्यत्वे आली ती रुग्णसेवा आणि नंतरची माघार. विजयाची पताका मिरविण्याचा क्षण त्यांना लाभला नाही. पण पराभूत सैन्यातील जखमी, हिवतापाने खंगलेले, उपाशी सैनिक मात्र त्यांच्या हातांखालून गेले.

एकाच काळातील दोन डॉक्टर

येथे एका प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. आझाद हिंद सेना जपानच्या मदतीने लढत होती आणि त्याच जपानी सत्तेने आग्नेय आशियातील जनतेवर केलेले अत्याचार इतिहासात नोंदले गेले आहेत. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर मलायातील तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने प्राणास मुकले. याच सुमारास चीनमध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होते. १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला.

दोघेही भारतीय, दोघेही डॉक्टर, दोघेही देशप्रेमाने घर सोडून गेलेले. आणि तरीही युद्धरेषेच्या दोन बाजूंना. एकाला खरा ठरविण्यासाठी दुसऱ्याला खोटे ठरविण्याची गरज नाही. परतंत्र देशातील माणसांपुढे त्या काळाने किती अवघड वाटा टाकल्या होत्या, हे या दोन आयुष्यांवरून समजते. सैन्य कोणाच्या साहाय्याने लढते, याचा निर्णय राजकारणाच्या पातळीवर होतो. समोर आलेल्या जखमी माणसाला कसे वागवायचे, याचा निर्णय मात्र डॉक्टराला स्वतः करावा लागतो. त्या कसोटीला हे दोघेही उतरले.

सेना संपल्यावर

मे १९४५ मध्ये लक्ष्मी ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या हाती लागल्या. जवळजवळ दहा महिने त्यांना तेथेच राहावे लागले आणि मार्च १९४६ मध्ये त्यांना भारतात पाठविण्यात आले. त्याआधीच लाल किल्ल्यातील खटल्याने देश ढवळून निघाला होता. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवरील आरोपांचा प्रतिवाद भुलाभाई देसाईंनी केला. एक मुसलमान, एक हिंदू आणि एक शीख असे तीन अधिकारी एकाच पिंजऱ्यात उभे राहिले, हे दृश्य त्या विभाजनाच्या काळात साऱ्या देशाने मनात साठविले. जन्मठेपेची शिक्षा झाली, पण लोकक्षोभापुढे ती रद्द करावी लागली. यांतील प्रेमकुमार सहगल यांच्याशी मार्च १९४७ मध्ये लाहोर येथे लक्ष्मींचा विवाह झाला. त्यानंतर दोघे कानपुरात स्थायिक झाले.

स्वातंत्र्य आले, परंतु आझाद हिंद सेनेतील सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेण्यात आले नाही. ज्यांच्या नावाने मिरवणुका निघाल्या, त्यांतील कित्येकांना मिरवणूक संपल्यावर पोटापाण्याचा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना आली ती १९७२ साली, म्हणजे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होत असताना. मधल्या काळात कोणी शेती केली, कोणी गिरणीत नोकरी धरली. स्वतः प्रेमकुमार सहगल यांनी कानपूरच्या कापड गिरणी व्यवसायात नोकरी केली.

या माजी सैनिकांपैकी काहींना शाळांनी सामावून घेतले, ही गोष्ट शाळेच्या स्मरणग्रंथात नोंदविण्याजोगी आहे. सावंतवाडी संस्थानातील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद सेनेतील ज्येष्ठ सेनानी आणि हंगामी सरकारात लक्ष्मींचे सहकारी होते. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या निर्वासित कुटुंबांतील मुलांकडे पाहून त्यांनी १९५४ साली दिल्लीतील कस्तुरबा निकेतन येथे राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीते आणि सहजीवन यांतून मुलांना पुन्हा उभारी द्यायची, हा तिचा हेतू. तिचे प्रशिक्षक म्हणून आझाद हिंद सेनेतील माजी सैनिक पुढे आले. नंतर ही योजना अनेक राज्यांतील शाळांत पोहोचली. भारतातील शाळांच्या शिक्षकखोलीत, पहाटे सर्वांआधी येणारा, मुलांच्या कवायतीच्या रांगा लावणारा आणि पावसात अडकलेल्या पोराला घरी पोहोचविणारा जो निवृत्त सैनिक पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला, त्याच्यामागे असा एक इतिहास आहे. त्या सहकाऱ्यांनी रणांगणाच्या कथा फारशा सांगितल्या नाहीत. त्यांचे सैनिकपण त्यांच्या वक्तशीरपणात आणि मायेत दिसे.

कानपूरचा दवाखाना

डॉ. लक्ष्मी यांनी कानपुरात काम सुरू केले तेव्हा शहरात फाळणीच्या निर्वासितांचे लोंढे येत होते. घरदार गमावलेल्या, वाटेत आप्त गमावलेल्या, काही तर पूर्ण दिवस भरलेल्या स्त्रिया. सिंगापूर आणि ब्रह्मदेशात निर्वासितपण जवळून पाहिलेल्या या डॉक्टरांना त्यांच्याशी कसे बोलावे, हे कोणी शिकवावे लागले नाही. हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांचा विश्वास त्यांनी संपादन केला आणि तो पुढे कधीही गमावला नाही.

कानपूर हे त्या काळी गिरण्यांचे शहर होते. कापडाच्या आणि लोकरीच्या गिरण्या, चामड्याचे कारखाने आणि त्यांच्याभोवती दाटीने वसलेल्या मजूर वस्त्या, असे त्याचे रूप. अशा वस्तीत प्रसूतिशास्त्र जाणणाऱ्या स्त्री डॉक्टरचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे. अंधाऱ्या खोलीत, अशिक्षित हातांनी होणाऱ्या बाळंतपणात आई आणि मूल दोघांचेही प्राण पणाला लागत. पुरुष डॉक्टरकडे जाण्यास घरचे राजी नसत आणि मोठ्या रुग्णालयाचा खर्च परवडत नसे. डॉ. लक्ष्मींच्या दवाखान्यात गरिबाला दार बंद नव्हते. फी देता आली तर द्यावी, न देता आली तरी उपचार व्हावेत, हा त्यांचा शिरस्ता. दशकांमागून दशके हे काम चालू राहिले. २००६ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीही त्या रुग्ण तपासीत होत्या.

दया हा शब्द आपण अनेकदा सौम्य स्वभावाला लावतो. परंतु साठ वर्षे रोज सकाळी दवाखान्यात जाण्यासाठी नुसता मृदू स्वभाव पुरत नाही. त्यासाठी शिस्त लागते. अंग दुखत असताना, घरी काळजी असताना, काल रात्री एखादे मूल दगावले असताना आज पुन्हा त्याच खुर्चीवर बसावे लागते. कवायतीच्या मैदानावर सैनिक जे शिकतो ते हेच : मनाची लहर काही असो, वेळ झाली की जागेवर हजर असावे. त्यांच्या दयेला सैनिकी सातत्याचा कणा होता, म्हणूनच ती टिकली.

आपल्या शहराबाहेरून हाक आली तेव्हाही त्या गेल्या. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. डॉक्टर आणि औषधे हवीत असे आवाहन झाले, तेव्हा औषधे व कपडे घेऊन त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि सुमारे पाच आठवडे त्यांनी सीमेजवळच्या छावण्यांत काम केले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्नाच्या घरात होते. याच सुमारास त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात आल्या आणि १९८१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. त्यांची राजकीय मते सर्वांना मान्य होती असे नाही. मात्र तपासणीच्या टेबलावर त्यांनी कोणाचे मत विचारले नाही.

१९८४

१९८४ या एकाच वर्षाने या वृद्ध सैनिकाची दोनदा परीक्षा पाहिली. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि दिल्लीप्रमाणेच कानपुरातही शीख समाजावर भीषण हल्ले सुरू झाले. डॉ. लक्ष्मी त्या वेळी सत्तर वर्षांच्या होत्या. हातात शस्त्र नाही, मागे पलटण नाही. त्या रस्त्यावर उतरल्या आणि चाल करून येणाऱ्या जमावांसमोर उभ्या राहिल्या. दवाखान्याच्या आसपासच्या गजबजलेल्या भागात एकाही शिखावर किंवा त्याच्या दुकानावर हात पडू द्यायचा नाही, हा त्यांचा निर्धार होता आणि तो त्यांनी तडीस नेला.

जमावात उभे असलेले सगळेच अनोळखी नसतात. दंगलीच्या दिवसांत शेजारीही जमाव होतो. पण साडेतीन दशके ज्या बाईंनी त्या परिसरातील घराघरांतील बाळंतपणे पाहिली, तिच्या नजरेला नजर देणे सोपे नव्हते. १९४३ मध्ये त्यांच्या खांद्यावर बंदूक होती. १९८४ मध्ये त्यांच्यापाशी फक्त लोकांचा विश्वास होता. दुसरे शस्त्र मिळवायला जास्त वर्षे लागली होती.

त्यानंतर महिनाभरात, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूची दुर्घटना घडली. वैद्यकीय पथक घेऊन त्या तेथेही गेल्या. पुढे अनेक वर्षांनी, त्या वायूचे गरोदर स्त्रियांवर झालेले दूरगामी परिणाम मांडणारा अहवालही त्यांनी लिहिला. बातम्या थांबल्या तरी रुग्णाचे दुखणे थांबत नाही, हे जाणणाऱ्या डॉक्टराचे ते काम होते.

सन्मान आणि निरोप

१९९२ साली प्रेमकुमार सहगल यांचे निधन झाले. १९९८ मध्ये भारत सरकारने डॉ. लक्ष्मी यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. २००२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत डाव्या पक्षांनी त्यांना उमेदवारी दिली. समोर होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पराभव आधीच ठरलेला होता; मतमूल्यांची बेरीज झाली तेव्हा डॉ. कलाम यांना ९,२२,८८४ आणि डॉ. लक्ष्मी यांना १,०७,३६६ मते मिळाली. या निवडणुकीचा एक विशेष मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक उमेदवार रामेश्वरमच्या साध्या घरातून आलेला शास्त्रज्ञ, दुसरी मद्रासच्या वकिलाची सैनिक झालेली मुलगी. दोघांविषयीही विरोधकांना वैयक्तिक आकस नव्हता. निवडणूक हरल्यावर डॉ. लक्ष्मी कानपूरला परतल्या आणि पुन्हा रुग्ण तपासू लागल्या.

१९ जुलै २०१२ रोजी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि चार दिवसांनी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह कानपूरच्या गणेश शंकर विद्यार्थी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकता यावे, म्हणून डॉक्टराने स्वतःचा देह मागे ठेवावा, यापेक्षा अधिक पूर्ण निरोप कोणता असेल?

त्या महाविद्यालयाचे नावही या कथेत योगायोगाने शोभून दिसते. गणेश शंकर विद्यार्थी हे कानपूरच्या ‘प्रताप’ या पत्राचे संस्थापक संपादक. तरुण भगतसिंगांनी काही काळ त्यांच्याच छत्राखाली नाव बदलून काम केले होते. भगतसिंगांच्या फाशीनंतर दोनच दिवसांनी, २५ मार्च १९३१ रोजी, कानपूरच्या हिंदू-मुस्लिम दंगलीत अडकलेल्यांना वाचविताना विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी त्याच शहराच्या रस्त्यावर डॉ. लक्ष्मी जमावाला अडवीत उभ्या होत्या. विद्यार्थींना प्राण द्यावे लागले, डॉ. लक्ष्मी वाचल्या, दोघांनी स्वीकारलेले कर्तव्य एकच होते.

डॉ. लक्ष्मी यांचा जन्म मद्रासचा, आईचे मूळ केरळचे, तरुणपणीची कर्मभूमी सिंगापूर आणि ब्रह्मदेश, पलटणीला नाव बिठुरात वाढलेल्या मराठी राणीचे, आणि आयुष्याचा सर्वांत मोठा भाग कानपूरचा. कानपुरात त्या जन्माने परक्या होत्या, पण मरताना त्यांना कोणी परके म्हटले नाही. आपली भाषा जपून दुसऱ्या प्रांतात रुजलेल्या कुटुंबांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या गावात आपण राहतो, तेथील माणसांच्या अडीअडचणीला धावून जाण्यानेच ते गाव आपले होते.

शाळांच्या इतिहासवर्गात आझाद हिंद सेनेचा पाठ येतो, तेव्हा त्यातील कॅप्टन लक्ष्मींचे चित्र मुलांना दाखविले जाते आणि ते दाखविलेच पाहिजे. त्याबरोबर एवढेही सांगितले जावे की त्या चित्रातील तरुणी पुढे खूप वृद्ध झाली आणि ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत एका गिरणगावातील दवाखान्यात गरीब स्त्रियांची नाडी पाहत बसली. दरवर्षी सेनादलांतून निवृत्त होऊन हजारो माणसे गावोगावी परततात आणि कार्यालयांत, रुग्णालयांत, शाळांत आपले सहकारी होतात. त्यांच्या छातीवरील पदके आपल्याला दिसत नाहीत. दिसते ती त्यांची वेळेवर येण्याची सवय आणि दुसऱ्याचे ओझे न बोलता उचलण्याची तयारी. ते असताना त्यांना विचारावे, ऐकावे, आणि गेल्यावर त्यांची नोंद करून ठेवावी. डॉ. लक्ष्मी सहगल यांच्या आयुष्यातील त्या साठ वर्षांची नोंद म्हणूनच येथे केली आहे.